बारा ओळींचं सुनीत

किंग्ज लिनमध्ये डिसेंबरात
उजेड चारपर्यंतच पुरतो.
टेबलावर एका माल्ट-व्यापाऱ्याची खतावणी,
अठराशे एकवीसची, पाठ उसवलेली.
ओल्या बोळ्याने जुनी खळ सोडवत गेले
तर अस्तराच्या आतून हस्ताक्षर वर आलं.
जवाचा भाव नव्हे, पिंपांची मोजदाद नव्हे.
सुनीत.

त्या काळचे बाइंडर काही वाया घालवत नसत.
रद्द झालेली प्रवचनं, चुकलेले नकाशे,
मेलेल्यांची पत्रं,
सगळं दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाच्या पाठीत जायचं.
ह्याच्या कवितेने दोनशे वर्षं
पाठीचा कणा होऊन
जवाचे हिशेब उभे धरले.

भिंगाखाली मोजल्या. ओळी बारा.

पहिल्या आठ नावासाठी.
पंचविशीतला असेल, खोकत असेल कदाचित,
(हे माझं. कागदावर खोकला दिसत नाही.)
गावच्या चर्चची नवी घंटा ओतताना
तिच्या काठावर आपलं नाव असावं म्हणतो,
म्हणजे ज्यांना वाचता येत नाही
त्यांच्याही कानी पडेल.
आठही ओळी स्वच्छ, एकटाकी.
वृत्त असं चालतं
जसा नवे बूट घातलेला माणूस.

मग समुद्र मागे हटतो, ओली वाळू उघडी पडते,
आणि तो म्हणतो, भरतीआधी जेवढं चालता येईल तेवढं.
काळाला त्याने एवढीच जागा दिली, अर्धी ओळ.
मला वाटलं होतं काळ अधिक मागेल.

उरलेल्या साडेतीन तिच्या.
नाव नाही. डोळे नाहीत, ओठ नाहीत.
वाऱ्यात केस बांधताना
तिने दातांत धरलेली पिन,
आणि पिन दातांत असल्यामुळे
अर्धवट राहिलेलं तिचं बोलणं.
बस.
इथे तीनदा खोडलंय. इथे एक अक्षर जास्त झालंय.
घंटेपाशी एकदाही न चुकलेला हात
पिनेपाशी अडखळतो.
जो इतकं मोजून लिहितो
त्याला ते जास्तीचं अक्षर दिसलं नसेल?
दिसलं असणार. ठेवलं असणार.

बारावी ओळ "तर मग" वर संपते.
पुढे कागदच नाही.

ओबी म्हणाला, काय योग आहे बघा,
काळावर लिहिलं आणि काळानेच शेवट खाल्ला!
ओबी तेवीसचा आहे.
मी म्हटलं, काळ कसला,
बाइंडरची सुरी. त्याला सात इंची पट्टी हवी होती
आणि बाहेर गिऱ्हाईक ताटकळत होतं.

तरी मी दिवसभर ते "तर मग" चघळते आहे.
तर मग कीर्ती फुकट? तर मग ये, लवकर ये?
तर मग मी किनाऱ्यावर एकटाच?
चौतीस वर्षं दुसऱ्यांची पानं सांधली,
एक शब्द पदरचा घातला नाही.
आता कसा घालू.
कापलेल्या कडेला जपानी कागद लावला,
दोन ओळी मावतील एवढाच रुंद,
आणि कोरा ठेवला.
नोंदवहीत लिहिलं: कवी अज्ञात. स्थिती बरी.
पिनेसाठी रकाना नव्हता.

पार्किंगचं तिकीट चार चाळीसपर्यंत.
डेन्झिल गाडीत बसून,
काचेवर वाफ, मांडीवर थर्मास.
आज काय निघालं?
एक पिन, मी म्हटलं.
गंजलेली?
नाही.
त्याने पुढे विचारलं नाही.
झाकणात चहा ओतला, माझ्याकडे केला,
आणि मी हातमोजा दातांनी ओढून काढत
काहीतरी म्हणाले,
जे त्याला नीट कळलं नसावं.